आधी हॅझर्ड लावून बघा

जुन्या मारुती ८००चा इंडिकेटर मध्येच बंद पडू लागला की पहिला उपाय ठरलेला असतो: दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर बदला. दुकानातून नवा फ्लॅशर येतो, जुना ओढून काढला जातो, नवा दाबून बसवला जातो आणि टिकटिक सुरू होते. काही दिवसांनी, बहुधा पहिल्या जोरदार पावसात, दुखणे परत येते. जुना फ्लॅशर बऱ्याचदा ठणठणीतच असतो. तो ओढताना आणि नवा बसवताना सॉकेटमधल्या पत्र्यांवर चढलेला गंज घासला जातो, तेवढ्यापुरता संपर्क सुधारतो आणि श्रेय नव्या भागाला मिळते.

अधूनमधून येणारा दोष असाच फसवतो. हात लावला की तो लपतो. म्हणून काहीही उघडण्याआधी नीट बघायला हवे, आणि बघण्याचे सर्वांत उपयोगी साधन डॅशबोर्डवरच आहे: लाल त्रिकोणाचे बटण. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे हे हॅझर्ड, ज्याला आपल्याकडे सर्रास पार्किंग लाइट म्हणतात, दोष नेमका कुठे आहे ते पाच मिनिटांत बरेचसे सांगून टाकते.

आंबोली घाटात धुके उतरलेले असताना गाडी बंद पडली, तर ती उभी आहे हे मागून येणाऱ्या ट्रकला सांगायला हेच चार दिवे असतात. त्यामुळे ‘आज चालतोय ना, मग बघू नंतर’ म्हणून सोडून देण्यासारखा हा बिघाड नाही.

वीज कुठून कुठे जाते

८००सारख्या जपानी घडणीच्या जुन्या गाड्यांत सहसा एकच फ्लॅशर दोन्ही कामे करतो. इग्निशन चालू केल्यावर वीज एका फ्यूजमधून निघते, हॅझर्डच्या बटणातून जाते, तिथून फ्लॅशरला, फ्लॅशरमधून स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचला आणि मग डाव्या किंवा उजव्या दिव्यांना. दिव्यातून ती गाडीच्या पत्र्यात उतरते आणि बॅटरीच्या निगेटिव्हला परत येते. हॅझर्ड दाबले की रस्ता बदलतो. आता वीज बॅटरीकडून थेट, वेगळ्या फ्यूजमधून येते. चावी काढलेली असली तरी चालते. फ्लॅशर तोच राहतो, पण पुढची वाटणी कॉम्बिनेशन स्विच न करता हॅझर्डचे बटणच करते.

यातली एक गोष्ट पुन्हा वाचण्यासारखी आहे. हॅझर्ड बंद असतानाही इंडिकेटरची वीज त्याच्याच बटणातून जाते. म्हणजे जे बटण तुम्ही वर्ष-वर्ष दाबत नाही, त्याच्या आतल्या संपर्कावर धूळ आणि गंज बसला तर बिघाड दिसतो तो इंडिकेटरमध्ये. लोक इंडिकेटरची दांडी बदलतात, बल्ब बदलतात, फ्लॅशर बदलतात, आणि या बटणाकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

काही जुन्या गाड्यांत, विशेषतः अमेरिकी घडणीच्या, हॅझर्डला स्वतंत्र फ्लॅशर असतो. फिएट, अॅम्बेसेडर अशा गाड्यांत कोणी नंतर बाजारातला हॅझर्ड स्विच बसवला असेल, तर रस्ता त्या वायरमनने जोडला असेल तसा. टिकटिक दोन वेगवेगळ्या जागांहून येते का, हे कान देऊन ऐकले तर फ्लॅशर एक की दोन ते कळते.

काय चालते आणि काय नाही

गाडी सावलीत उभी करा. एका माणसाला बाहेर ठेवा, कारण डॅशबोर्डवरचा हिरवा बाण लुकलुकला म्हणजे बाहेरचे दिवे लागले असे होत नाही. आधी डावा, मग उजवा, मग हॅझर्ड, असे प्रत्येकी मिनिटभर चालू ठेवा.

हॅझर्ड स्थिर आणि तेजदार चालते, पण दोन्ही बाजूंचे इंडिकेटर मध्येच थांबतात, असे असेल तर फ्लॅशर, बल्ब, होल्डर आणि अर्थिंग यांच्यावरचा संशय जवळजवळ गेला. राहिले इग्निशनकडून येणारा फ्यूज, इग्निशन स्विच, हॅझर्ड बटणाचा ‘बंद’ स्थितीतला संपर्क आणि कॉम्बिनेशन स्विच. त्याच फ्यूजवर वायपर किंवा रिव्हर्स लाइटही असेल आणि तेही अधूनमधून दगा देत असतील, तर फ्यूज आणि इग्निशनकडे वळा. ते व्यवस्थित असतील तर हॅझर्डचे बटण.

उलट इंडिकेटर नीट आणि हॅझर्ड मेलेले असेल तर हॅझर्डचा फ्यूज पाहा. अनेक गाड्यांत तो हॉर्न किंवा ब्रेक लाइटसोबत सामायिक असतो. तेही बंद असतील तर उत्तर मिळालेच.

एकच बाजू रुसत असेल तेव्हा हॅझर्डची साक्ष निर्णायक ठरते. हॅझर्डमध्येही तोच दिवा गळतो का? तर दोष त्या दिव्यापाशी: बल्ब, होल्डर, वायर किंवा अर्थिंग. हॅझर्डमध्ये तो निर्धास्त लुकलुकतो आणि इंडिकेटर लावल्यावरच रुसतो का? तर कॉम्बिनेशन स्विचचा त्या बाजूचा संपर्क झिजला आहे. मागचे झाकण उघडण्याची गरज उरत नाही.

इंडिकेटर आणि हॅझर्ड दोन्हीही एकदमच अनियमित असतील तरच फ्लॅशर, त्याचे सॉकेट, त्याची अर्थ वायर किंवा हॅझर्ड बटण हे सगळे संशयित एकत्र उभे राहतात.

आणखी एक सूक्ष्म लक्षण आहे. एका बाजूला २१ वॉटचे दोन बल्ब आणि फेंडरवरचा ५ वॉटचा छोटा दिवा धरला, तर १२ व्होल्टला साधारण ४ अँपिअर वीज लागते. हॅझर्डमध्ये हाच आकडा दुप्पट, म्हणजे ८ अँपिअरच्या आसपास जातो. एखादा गंजलेला जोड ४ अँपिअर कसेबसे नेतो आणि ८ला हात टेकतो. हॅझर्ड लावल्यावर सगळेच दिवे मंद पडत असतील किंवा लय ओढल्यासारखी होत असेल, तर सामायिक रस्त्यात कुठेतरी सैल किंवा काळा पडलेला जोड आहे.

बिघाड कधी होतो, हेही काही दिवस कागदावर टिपून ठेवा. पावसानंतर? दुपारभर उन्हात उभी केल्यावर? हेडलाइट लावल्यावरच? खड्ड्यात आदळल्यावर? पाऊस म्हणजे होल्डर आणि अर्थिंग. ऊन म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमधला फुटलेला डाग, अर्थात ड्राय सोल्डर. हेडलाइट म्हणजे सामायिक अर्थिंग. खड्डा म्हणजे सैल कनेक्टर किंवा बल्बमधली तुटून पुन्हा टेकणारी तार. वायरमनकडे जायचे असेल तर ‘इंडिकेटर चालत नाही’ एवढेच सांगू नका, ही टिपणे सांगा. त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे.

हॅझर्डच्या बटणापासून सुरुवात

संशय बटणावर आला असेल तर आधी ते वीस-पंचवीस वेळा दाबा-सोडा. आतले पत्रे एकमेकांवर घासतात आणि वरचा थर निघतो. इंडिकेटर लगेच सुधारला तर दोष सापडला, पण दुरुस्ती झाली असे समजू नका. थोड्या दिवसांत थर पुन्हा चढेल. बटण बाहेर काढून त्यात इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारावा, पुन्हा बऱ्याचदा दाबावे आणि पूर्ण वाळल्यावर बसवावे. गंज सोडवणारे सर्वसाधारण तेलकट स्प्रे इथे नकोत. त्यांचा तेलकट थर मागे राहतो आणि धूळ धरतो. प्लॅस्टिक वितळलेले किंवा पत्रे काळेनिळे झालेले दिसले तर साफसफाईत वेळ घालवू नका, बटणच बदला. यापुढे महिन्यातून एकदा हॅझर्ड चालू-बंद करायची सवय ठेवा. जुन्या गाडीला यापेक्षा स्वस्त देखभाल नाही.

फ्लॅशर खरेच गेला आहे का

फ्लॅशर बहुधा डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सच्या आसपास असतो. हॅझर्ड लावा आणि टिकटिकीच्या दिशेने हात न्या, सापडतो. जुन्या औष्णिक फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि निवून सरळ होते. त्यामुळे त्याची लय व्होल्टेजवर आणि बल्बांच्या संख्येवर अवलंबून असते. एक बल्ब उडाला की पट्टी पुरेशी तापत नाही आणि दिवा लुकलुकण्याऐवजी नुसता पेटून राहतो किंवा फार हळू चालतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलट वागतो: बल्ब उडाला की तो मुद्दाम दुप्पट वेगाने धावतो. हा वेग म्हणजे त्याने दिलेली सूचना आहे. ती ऐकून फ्लॅशर बदलणे चूक. बल्ब बदलायला हवा. निरोगी लय मिनिटाला ६० ते १२० लुकलुकीची, साधारण ९०च्या आसपास.

इंजिन बंद असताना लय मंद आणि चालू केल्यावर नीट, असे औष्णिक फ्लॅशरमध्ये थोडेफार होतेच. फरक फार मोठा असेल तर आधी बॅटरी तपासा. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. याहून कमी असेल तर दोष इंडिकेटरचा नाही.

फ्लॅशर तपासायची साधी रीत अशी. तो काढा. त्याच्या पायांवर ‘बी’, ‘एल’ आणि तिसरा असल्यास ‘ई’ अशी अक्षरे असतात. युरोपीय पद्धतीत ४९, ४९ए आणि ३१ हे आकडे. सॉकेटमध्ये ‘बी’ आणि ‘एल’ची घरे एका वायरच्या तुकड्याने जोडा, त्या तुकड्यात १५ अँपिअरचा फ्यूज घालून. ‘ई’ला हात लावू नका, ती अर्थ आहे, चुकून जोडली तर शॉर्ट होईल. आता इग्निशन चालू करून डावा इंडिकेटर लावला की डाव्या बाजूचे दिवे न लुकलुकता स्थिर पेटायला हवेत. स्थिर, तेजदार पेटले आणि दांडी हलवूनही मिणमिणले नाहीत, तर वायरिंग नीट आहे आणि फ्लॅशर दोषी. ते इथेही मिणमिणत असतील तर फ्लॅशर निर्दोष, दोष पुढे किंवा मागे कुठेतरी आहे.

नवा फ्लॅशर बसवण्याआधी सॉकेटमधले पत्रे पाहा. सैल झाले असतील तर बारीक पेचकसाने किंचित आत दाबून घ्या. तीन पायांच्या फ्लॅशरची अर्थ वायर जिथे पत्र्याला बसते, तो स्क्रूही काढून घासा. ती सैल असेल तर नवा फ्लॅशरही तसाच वागेल.

दिवा, होल्डर, अर्थिंग

माझ्या मते जुन्या गाडीतल्या अशा तक्रारींचा सर्वांत मोठा वाटा इथे असतो, आणि कोकणात व गोव्यात तर नक्कीच. मागच्या दिव्याचे रबर कडक होते, काचेत पाणी शिरते, होल्डर गंजतो. खाऱ्या हवेत तांब्याची तार इन्शुलेशनच्या आतून काळी पडत जाते. बाहेरून वायर नवी दिसते आणि आत चार धागेच उरलेले असतात.

बल्ब काढून त्याच्या बुडाकडे पाहा. खालचा शिशाचा ठिपका चपटा झाला असेल किंवा त्यात खड्डा पडला असेल तर होल्डरची स्प्रिंग त्याला नीट टेकत नाही. बल्ब उजेडात धरून टिचकी मारा. आतली तार हेलकावे खात असेल तर तो बदला, सध्या पेटत असला तरीही. होल्डर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलके घासा, जाड कागद वापरलात तर वरचा मुलामा निघेल आणि गंज आणखी लवकर येईल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आणि बसवताना बल्बच्या धातूच्या बाजूला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात द्या.

अर्थिंग गेले की दिवे विचित्र वागतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर अंधुक पेटतो, इंडिकेटर लावला की टेललाइटही लुकलुकतो. परतीचा रस्ता बंद झाल्याने वीज शेजारच्या बल्बमधून वाट काढत असते. हे लक्षण दिसले की दुसरीकडे शोधू नका. मागच्या दिव्याची काळी वायर पत्र्याला जिथे स्क्रूने बसवली आहे तिथेच जा. गाडीचे डेंटिंग-पेंटिंग नुकतेच झाले असेल तर संशय आणखी पक्का, कारण रंगकामात हा स्क्रू रंगावरच घट्ट बसवला जातो आणि रंगातून वीज जात नाही. खालचा पत्रा चकचकीत होईतो घासा, नवी थिंबल लावा, स्क्रू आवळा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा थर द्या.

मल्टिमीटर असेल तर हे अंदाजावर सोडायची गरज नाही. दिवा लुकलुकत असताना आकडा नाचतो, म्हणून फ्लॅशरच्या जागी वर सांगितलेला फ्यूजवाला तुकडा लावा आणि दिवा स्थिर पेटू द्या. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे होल्डरच्या अर्थ बाजूला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा कमी आले तर अर्थिंग चांगले. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आले तर तेवढे व्होल्ट त्या रस्त्यात वाया जात आहेत. हीच रीत पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीच्या प्लसपासून एकेका जोडापर्यंत वापरली की आकडा कुठे उडी मारतो ते दिसते, आणि तोच जोड दोषी. हे मोजताना वायरचा गठ्ठा हलवत राहा. दोष लपलेला असला तरी आकडा हलतो. दिवे असे पेटते फार वेळ ठेवू नका. हे बल्ब सतत पेटण्यासाठी बसवलेले नसतात, होल्डर आणि काच तापतात.

नंतर जोडलेल्या वस्तू

गाडीत कधी रिमोटचे सेंट्रल लॉक किंवा चोरी-अलार्म बसवला होता का? लॉक केल्यावर चारही दिवे एकदा चमकावेत म्हणून त्याच्या दोन वायरी डाव्या आणि उजव्या इंडिकेटरला जोडलेल्या असतात. बहुधा मूळ वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून. काही वर्षांनी टेपचा गोंद सुटतो आणि जोड सैल पडतो. अलार्मच्या पेटीतला रिले चिकटला तर त्याहून चमत्कारिक प्रकार होतो: डावा इंडिकेटर लावला की चारही दिवे लुकलुकतात. अशा वेळी त्या पेटीचा कनेक्टर काढून एक-दोन दिवस गाडी चालवून पाहा. दोष गेला तर ती पेटी एक तर नीट डाग देऊन जोडा, नाही तर कायमची काढा.

एलईडी बल्बही याच यादीत येतात. त्यांना वीज फार कमी लागते, म्हणून फ्लॅशरला वाटते बल्ब उडाला आणि तो वेगाने धावतो किंवा थांबतो. बाजारात यावर रेझिस्टर देतात. तो इतका तापतो की प्लॅस्टिकला टेकला तर वितळवतो. एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर घ्या किंवा सरळ २१ वॉटचा जुना बल्ब परत बसवा. मी दुसरा पर्याय सुचवेन.

कॉम्बिनेशन स्विच

सगळे तपासून हॅझर्डने बोट याच्याकडेच दाखवले असेल तरच हे उघडा. आतले ग्रीस वर्षानुवर्षांत घट्ट होऊन काळे पडते आणि पितळी संपर्कांवर चिकटते. दांडी अर्धवट धरून ठेवली की इंडिकेटर चालतो, सोडली की थांबतो, हे त्याचे खास लक्षण. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेली गाडी असेल तर हे काम घरी करू नका. बाकी गाड्यांत झाकण काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने जुने ग्रीस धुता येते, पण पितळ खोलवर झिजले असेल तर स्विच बदलावाच लागतो.

या सगळ्यात फ्यूजशी खेळ नको. चपट्या फ्यूजमध्ये १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा. निळा पुन्हा-पुन्हा उडतो म्हणून पिवळा बसवणे किंवा तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळू देणे. तो का उडतो, तेच शोधायला हवे. जुन्या गाडीत बहुधा एखादी वायर पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडलेली असते.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी काढावीच लागली तर हाताने इशारा द्या. उजवीकडे वळताना उजवा हात खिडकीबाहेर सरळ, तळवा पुढे. डावीकडे वळताना हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. रात्री हे दिसत नाही, म्हणून अंधारात अशी गाडी काढूच नका. जोरदार पावसात हॅझर्ड लावून गाडी चालवण्याची सवयही सोडा. तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला त्यात कळत नाही.

दुरुस्ती झाल्यावर लगेच समाधान मानू नका. इंजिन बंद ठेवून दहा मिनिटे हॅझर्ड चालू द्या. मग फ्लॅशरचे सॉकेट, हॅझर्डचे बटण, फ्यूज आणि मागच्या कनेक्टरला बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर तिथे अजून खराब जोड आहे. लय दहाव्या मिनिटालाही पहिल्यासारखीच असली पाहिजे. मग पाइपने मागच्या दिव्यांवर पाणी मारा, आणि पुन्हा डावा, उजवा, हॅझर्ड. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी वाढवायला आरटीओत न्यायची असेल तर हे सगळे आदल्या दिवशी करू नका, महिनाभर आधी करा, म्हणजे मधल्या पावसात आणि उन्हात दोष परत येतो का ते दिसेल.